बांध मिळेपर्यंत

लातूर, ६ नोव्हेंबर

नांदेडचं सामान आज आलं. पुस्तकांची खोकी जिन्यातच पडली आहेत. या वर्षी कॉलेजात मराठी शिकवायचे तास मिळाले नाहीत, म्हणून हे बिऱ्हाड हलवणं. इतकी वर्षं मी नांदेडला आणि रामलिंग लातूरला. शनिवारी दोघांपैकी एक जण बसमध्ये. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या कपड्यांना एक कपाट.

दुपारी रामलिंगच्या अक्षरजुळणीच्या दुकानात जाऊन बसले. बाहेर गंजगोलाईच्या बाजाराचा गोंगाट समुद्रासारखा लाटांनी येत राहतो. रामलिंगनी खिडकीजवळ माझ्यासाठी टेबल लावलं आहे. म्हणाले, "तात्पुरतं हाय. तुझे तास सुरू झाले की काढून टाकू." टेबल सागवानी आहे, माझ्या उंचीच्या मापाने सुताराकडून करून घेतलेलं. तात्पुरत्या गोष्टीवर इतका खर्च कशाला, ते मला समजलं नाही.

१० नोव्हेंबर

कामाची ओळख करून घेते आहे. दुकानाचं मोठं गिऱ्हाईक एकच, संगप्पा सर. नववी-दहावीच्या गणिताचे त्यांचे क्लास आहेत. मुलं रविवारी लातूरला येतात, इतर दिवस आपापल्या गावी फोनवर सराव करतात. सरावाचे सगळे प्रश्न रामलिंगनी जुळवलेले. कागदावर ती पानं सुरेख दिसतात. वर्गमूळ, अपूर्णांक, त्रिकोण, सगळं जागच्या जागी.

अडचण फोनवर येते. पानाचा फोटो टाकला तर मोठा करताना अक्षरं फाटतात. फाईल तशीच पाठवली तर फोनमध्ये तो फाँट नसतो, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून आता प्रत्येक पान व्हेक्टर करायचं. रामलिंगनी समजावलं ते असं: फोटो म्हणजे ठिपके. व्हेक्टर म्हणजे रेघ कशी ओढायची याची सूचना. सूचना कितीही मोठ्या मापात पाळली तरी रेघ स्वच्छ राहते.

त्यांनी एक फाईल उघडून आतला मजकूर दाखवला. नुसते आकडे आणि एकेक अक्षराचे हुकूम. या बिंदूला जा. तिथून त्या बिंदूपर्यंत रेघ. इथे वळण. सुरुवातीच्या जागी परत ये. आपला 'अ'सुद्धा आतून असाच आहे.

"किती कोरडं," मी म्हणाले. "यात जिवंत काही नाहीच."

"नसंना का," रामलिंग म्हणाले. "फाटत तर न्हाई."

१८ नोव्हेंबर

एका हुकमात शंभर पानं पालटतात. मग माझं काम सुरू होतं, एकेक पान मोठं करून बघणं. कुठे आकृतीच्या टोकाचं अक्षर पानाबाहेर कापलं जातं. कुठे वर्गमुळाची आडवी रेघ खुणेपासून केसाइतकी सुटते. शिरोरेखा तर लाडावलेल्या सुनेसारखी, खूप मोठं केलं की दोन अक्षरांमध्ये रुसून फटच पाडते. ते सगळं सांधायचं. मला हे आवडतं आहे. शिकवताना केलेलं काम कधी दिसत नसे. इथे फट दिसते, बुजते, दिसेनाशी होते.

रामलिंगनी विचारलं, अक्षरं अक्षरं म्हणून ठेवायची की त्यांचेही आकार करून टाकायचे? अक्षरं ठेवली तर फोनपरत्वे बिघडतील. आकार केले की कायम तशीच राहतील.

मी म्हणाले, आकार.

२४ नोव्हेंबर

सगळी पानं फोनवर चढली. संगप्पा सर दुकानात आले. उंच, पांढरा शर्ट, बोलताना समोरच्याला फळ्यावरच्या गणितासारखं बघतात. एका कंसावर दोन बोटं ठेवून तो मोठा करत गेले, कंस पडदाभर झाला तरी धार तशीच. "बाई, हे तर लई झकास," म्हणाले. एवढं कौतुक ते विद्यार्थ्याचंही करत नाहीत, असं रामलिंग नंतर म्हणाले.

संध्याकाळी बासुंदी आणली.

२६ नोव्हेंबर

सकाळी एक गृहस्थ आणि एक मुलगी दुकानाच्या पायरीशी उभे होते. मुलीचा हात त्यांच्या कोपरावर. चाकूरच्या पुढे त्यांचं गाव. नाव अंगद. मुलगी ऋतुजा, नववीत, संगप्पा सरांच्या रविवारच्या वर्गात. तिला जन्मापासून दिसत नाही. तिचा फोन पडद्यावर आलेलं वाचून दाखवतो, त्यावर ती अभ्यास करते.

"म्याडम, पोरीचा फोन बिघडला का काय," अंगद म्हणाले. "परवापासून निस्तं चित्र, चित्र म्हणून राहिलाय. आधी धड बोलत व्हता."

ऋतुजाने फोन पुढे धरून बोट फिरवलं. फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. बटन. चित्र."

"बटन तेवढं अजून दिसतंय त्याला," ऋतुजा म्हणाली. बापलेक हसले.

मला हसू आलं नाही. फोनला अक्षरं वाचता येतात, आकार वाचता येत नाहीत. आणि अक्षरांचे आकार करा असं मीच सांगितलं होतं.

रामलिंग म्हणाले, उपाय आहे. अशा प्रत्येक फाईलमध्ये शीर्षकाला आणि वर्णनाला जागा असते. ती डोळ्याला दिसत नाही, फोन मात्र ती बोलून दाखवतो. प्रश्नांची वाक्यं मूळ फाईलमधून त्या जागी आपोआप भरता येतील. "पण आकृतीत वाक्यं न्हाईत. तिथं कुणीतरी लिहावं लागंल." असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

१ डिसेंबर

संगप्पा सरांना जाऊन भेटले. सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, बीजगणित ती तोंडी करती, माझ्यापेक्षा बेगीनं करती. पण भूमितीत आकृती लागती. दहावीला तिला गणिताऐवजी सोपा विषय घ्यायची सवलत हाय. घेऊ द्या की. उगं पोरीचं डोकं कशाला शिणवायचं?"

ऋतुजा बाहेर बाकावर होती. तिने ऐकलं. आत येऊन दाराला हात लावून उभी राहिली.

"सर, मला समद्यांचं गणित पाहिजे."

"आकृती कशी कळायची, बाळा?"

"चाचणी घ्या ना माजी."

सरांनी शेवटी असं ठरवलं: जानेवारीत नववीची भूमितीची चाचणी आहे. त्यात पास झाली तर दहावीला गणित, सगळ्यांबरोबर. नाही तर सोपा विषय, आणि मग पुन्हा ही गोष्ट काढायची नाही.

चाचणीच्या आत सगळ्या आकृत्यांची वर्णनं झाली पाहिजेत. मी हो म्हणून आले. मराठीचं माणूस आहे, वर्णन म्हणजे काय मोठं.

५ डिसेंबर

झरझर लिहिते आहे. आज त्रिकोण संपवले. "घराच्या छपरासारखा समद्विभुज त्रिकोण." "पतंगाच्या आकाराचा चौकोन, त्याचा कर्ण शेपटीसारखा खाली उतरलेला." स्वतःवर खूश आहे.

नांदेडहून प्राचार्यांचा फोन. फेब्रुवारीपासून काही तास निघतील, येणार का? विचार करून सांगते म्हणाले. रामलिंगना सांगितलं. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "जा की. तुझं काम हाय ते." इतक्या सहज म्हणाले की थोडं लागलं.

८ डिसेंबर

क्लास सुटल्यावर ऋतुजा आणि तिची आई गुणाबाई घरी आल्या. वर्णनं कशी जमली ते बघायचं होतं. ऋतुजाने विचारलं, "पीठ हाय का?"

मला कळेना. गुणाबाई म्हणाल्या, "परातीत जोंधळ्याचं पीठ पसरून द्या बाई. तिला अक्षरं मी तशीच शिकवली. भाकरीच्या टायमाला बसायची माज्यापाशी. आधी अक्षर, मग भाकर."

परात दिली. पीठ हाताने सपाट केलं. फोन माझं वर्णन बोलला. ऋतुजाचं बोट पिठात टेकलं आणि तिथेच थांबलं.

"छपरासारखा म्हंजे?"

"छप्पर कसं दोन्हीकडून उतरतं…"

"मी छपरावर कवा गेलेच न्हाई. आई चढू देत न्हाई."

पुढचं लावलं. "पतंग कसा असतो, म्याडम? हातात धरला तर फाटतो म्हणून कुणी देतच न्हाई."

समलंब चौकोनाचं वर्णन मला सर्वांत जमलेलं वाटत होतं. पिठात चार रेघा उमटल्या, चार कोपऱ्यांत, एकमेकींना कुठेही न भिडणाऱ्या. गुणाबाई खाली वाकून बघत म्हणाल्या, "हे काय गं, काड्या सांडल्या?"

त्या गेल्यावर त्याच पिठाच्या भाकरी केल्या. रामलिंग म्हणाले, चांगल्या झाल्यात.

१५ डिसेंबर

उपमा सगळ्या काढल्या. डावं, उजवं, लांबी, कोन, सगळं नेमकं घातलं. आज परत परात. या वेळी रेघा भिडल्या, पण भलत्या टोकांना. ऋतुजा दमली.

"म्याडम, तुम्ही समदं एकदाच सांगता."

"एकदाच कुठे? एकेक वाक्य आहे."

"न्हाई. चार बाजू हायत म्हणता, मग दोन समांतर हायत म्हणता, मग कर्ण म्हणता. मी अजून पयल्या बाजूवरच हाय. माजं बोट एकच हाय."

परातीतलं पीठ मी डब्यात भरलं. निघताना तिने विचारलं, "खिडकीतून कशाचा आवाज येतो हो? गोलाईचा?"

मी म्हणाले, हो, समुद्रासारखा वाटतो ना?

"तुम्ही पाह्यलाव समुद्र?"

नाही पाहिलेला.

२२ डिसेंबर

क्लासला सुट्टी. ऋतुजा आली नाही. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी एकच चौकोन लिहिला. तिन्ही पुसले. चाचणी जवळ येते आहे. सरांना हो म्हणण्याआधी एक आकृती करून बघायला हवी होती.

रामलिंगनी दुकानात भिंतीला फळ्या ठोकल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "रद्दी ठिवायला." फळ्यांमधलं अंतर रद्दीसाठी फार कमी आहे. तिथे जेमतेम उभी पुस्तकं मावतील. सांगितलं त्यांना. बरं म्हणाले.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. आज लातूरला कुणी नसतं, सगळे रानात. अंगदरावांनी बोलावलं होतं. नांदेडला राहून मला या सणाची ओळख नव्हती, दर वर्षी रामलिंग एकटेच कुणाकुणाच्या शेतात जाऊन यायचे.

जोंधळा डोक्याएवढा. त्याच्या कडेला कडब्याची छोटी झोपडी, कोपी, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. गुणाबाईंनी शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील मांडली. पूजा झाल्यावर अंगदराव आंबिलीचं मडकं घेऊन शेताभोवती शिंपडत निघाले. पुढे ऋतुजा. कुणाचा हात धरलेला नाही, काठी नाही. मी मागून चालले.

"तुझ्या शेताचा आकार कसा आहे गं?" मी विचारलं.

"आकार ठाव न्हाई. चालायला येतं."

"मग चालताना सांग."

"कोपीपशी उभं ऱ्हायचं. उगवतीकडं निघायचं, लिंबापतुर. हा लांब बांध. लिंबापशी डाव्या हाताला काटकोनात वळायचं. विहिरीपतुर जायचं. विहिरीपशी परत डाव्या हाताला काटकोनात. आता मावळतीकडं. हा बांध आखूड, मधीच ओढा लागतो. ओढ्यापशी परत डावीकडं, पण तिरकं. ओढ्याच्या काठानं चालत ऱ्हायचं." ती बोलत चालत होती, पाय अडखळत नव्हता. मग थांबली. हात पुढे केला. कोपीचा कडबा तिच्या बोटांना लागला.

"मिळाला बांध," ती म्हणाली.

मागून अंगदराव म्हणाले, "म्याडम, लई चालवलं का पोरीनं? तिला सवय हाय. मोजणीवाले आले तरी ही त्यांच्या म्होरं चालती आन् त्यांची टेप मागं ऱ्हाती."

कोपीत बसून जेवले. भज्जी दोनदा घेतली. मनात चार बांध. लांब, काटकोनात उभा, आखूड, तिरका. लांब आणि आखूड एकमेकांना समांतर. परातीत ज्याच्या काड्या झाल्या होत्या तो समलंब चौकोन. ती त्याच्यावरून रोज चालते.

३१ डिसेंबर

दुकान उघडलं आणि आधी एक व्हेक्टर फाईल उघडली. आतला मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. या बिंदूला जा. तिथून त्या बिंदूपर्यंत. तिथून पुढे. सुरुवातीच्या जागी परत ये.

एका वेळी एकच बोट.

रामलिंगना म्हणाले, वर्णनं सगळी नव्याने लिहिणार. ते म्हणाले, "चाचणी तोंडावर हाय." मी म्हणाले, माहीत आहे. ते उठले, माझ्या टेबलावरचा दिवा सरळ केला आणि त्यांच्याकडची दोन लग्नपत्रिकांची कामं दुसऱ्या दुकानाला देऊन आले.

पहिलं वर्णन: "ए पाशी उभी राहा. उगवतीकडे निघ. आठ सेंटिमीटरवर बी. डावीकडे वळ, काटकोन. चार सेंटिमीटरवर सी. डावीकडे वळ, काटकोन. मावळतीकडे पाच सेंटिमीटर, डी. डावीकडे तिरकं, ए पर्यंत. बांध मिळाला. पहिला आणि तिसरा बांध समांतर आहेत."

५ जानेवारी

रविवार. परात. ऋतुजाचं बोट पिठात टेकलं आणि चाललं. फोन थांबला की बोट थांबायचं. वळायचं. पुन्हा चालायचं. शेवटची रेघ पहिल्या टिंबाला येऊन भिडली. तिने त्यावरून बोट पुन्हा एकदा फिरवलं, सावकाश.

"हे तर आमचं शेत हाय."

गुणाबाई वाकून म्हणाल्या, "अगं बया, खरंच की. कोपी तेवढी राह्यली."

मग त्रिकोण, समांतर रेषा, त्यांना कापून जाणारी छेदिका. वर्तुळापाशी मात्र अडलो. त्याला कोपरा नाही. निघायचं कुठून, वळायचं कुठे? मी दोन-तीन वाक्यं करून पाहिली. ऋतुजा मान हलवत राहिली. मग म्हणाली, "वासरू बांधायचं का?"

"कुठे?"

"खुंट्याला. दोरी ताणून वासरू फिरतं. जिथं जिथं जातं तिथं सारखीच दोरी असती. खुंटा म्हंजे केंद्र. बराबर ना?"

बरोबर. जीवा म्हणजे फेऱ्याच्या आतून आडवी गेलेली सरळ पायवाट. खुंट्यापासून त्या वाटेवर काटकोनात चाललं की नेमकं वाटेच्या मध्यावर पोचतो. हे ती स्वतःच सांगत गेली, मी लिहून घेत गेले. वर्णनात वासरू घातलं नाही. "केंद्र ओ. ओ पासून तीन सेंटिमीटर दोरी ताणून फिर, निघालीस तिथे परत ये." एवढंच.

नंतर सगळ्यांनी जेवण केलं. ऋतुजा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "आई, हा समद्विभुज हाय. खाऊन टाकू का सिद्ध करू?"

"आधी खा," गुणाबाई म्हणाल्या. "शिद्ध मागनं."

१२ जानेवारी

वर्णनं संपली. शेवटची आकृती आज चढवली. इतकी सलग वाक्यं मी कधी लिहिली नव्हती. आता दुसरं काही लिहायला घ्यावं असं वाटतं, पण शब्द सुचत नाहीत, जे सुचतात ते सगळे लहान.

एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. चाचणी कागदावर असते. सर नव्या आकृत्या काढतात, त्या माझ्या फाईलमध्ये नाहीत. ऋतुजाला प्रश्न वाचून दाखवायला आठवीतली एक मुलगी देणार, तनुजा नावाची. सरांना म्हणाले, आकृत्या मी सांगते. सर म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं तर ती तुमची चाचणी होईल." बरोबर होतं. पण तनुजाला वर्णन कसं करायचं ते कोण सांगणार? तिला शिकवायला सरांची परवानगी नाही. ती आकृतीकडे बघेल आणि जे डोळ्यात भरेल ते म्हणेल. मी तेच केलं होतं.

ऋतुजाला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "बघू." पाठीमागे म्हैस ओरडत होती.

१९ जानेवारी

चाचणी. क्लासच्या बाहेरच्या पायरीवर मी आणि गुणाबाई बसलो. त्यांनी हरभऱ्याचा डहाळा आणला होता, आम्ही सोलत होतो, खात कुणीच नव्हतं. ऋतुजा आणि तनुजा वेगळ्या खोलीत, खिडकी आमच्या डोक्यावर. ऋतुजापुढे क्लासने दिलेली परात होती. परात क्लासने कुठून आणली ते माहीत नाही. आमच्या घरच्या परातीसारखीच, काठाला पोचा असलेली.

आतून तनुजाचा आवाज आला. "एक चौकोन आहे. पतंगासारखा."

माझ्या हातातला हरभऱ्याचा घाटा खाली पडला.

"पतंग जाऊ दे," ऋतुजा म्हणाली. "तू कुठल्या अक्षरापशी उभी हायस?"

"मी? मी खुर्चीवर आहे."

"आकृतीत गं. एक अक्षर धर. ए हाय का?"

"आहे."

"ए वर बोट ठिव. तिथून बाजू कोणीकडं जाती?"

"उजवीकडे. वर, तिरकी."

"वर म्हंजे माज्यापासून लांब. किती लांब?"

"पाच लिहिलंय."

"मग कोणतं अक्षर?"

"बी."

"बी पशी कोणीकडं वळली?"

"खाली."

"खाली म्हंजे माज्याकडं. कोन लिहिलाय का?"

असं चाललं. तनुजा आधी अडखळत होती, मग तिचा आवाज सरळ झाला. ऋतुजाने विचारायच्या आतच ती पुढचं सांगू लागली. "सी वरून परत तिरकी, लांब बाजू, डी पर्यंत. डी वरून वर, ए पर्यंत."

"मिळाला बांध?"

"मिळाला," तनुजा म्हणाली, आणि मग, "थांब, तुझ्यात बघते. हो, तुझ्यातपण मिळालाय."

गुणाबाईंनी माझ्या ओंजळीत सोललेले हरभरे टाकले. "खावा बाई आता," म्हणाल्या.

२१ जानेवारी

संगप्पा सर दुकानात आले. बसले नाहीत. चाचणीचा कागद रामलिंगच्या टेबलावर न ठेवता माझ्या टेबलावर ठेवला. ऋतुजा पास. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या वर. एका सिद्धतेत शेवटची पायरी लिहायची राहिली, ती त्यांनी तोंडी विचारली तर तिने उत्तर दिलं, "सर, तवर तनुजाला बाहेरून आईनं हरभरे दिले, मग आम्ही दोघीबी थांबलो."

"दहावीला गणित," सर म्हणाले. "सगळ्यांबरोबर. मी शब्द दिला होता." पायरीपर्यंत जाऊन ते परत वळले. "दहावीच्या आकृत्या नव्या हायत, बाई. स्पर्शिका, घनफळ. शंकू, गोल. ते परातीत कसं बसवणार?"

मी म्हणाले, ते अजून माहीत नाही.

"बघा," सर म्हणाले, आणि गेले.

२२ जानेवारी

नांदेडला फोन केला. तास नको म्हणून सांगितलं. प्राचार्यांनी कारण विचारलं. शंकू बाकी आहे, असं म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं नसावं. शुभेच्छा म्हणाले.

रामलिंग शेजारीच होते. एका कंसाची फट बुजवत होते. ती काल मीच बुजवली होती.

"टेबल काढायचं म्हणलो होतो," ते म्हणाले.

"असू द्या."

"हाव. असू द्या."

घरच्या जिन्यातली पुस्तकं आज दुकानात आणली. रद्दीच्या फळ्यांवर बरोबर बसली.

२४ जानेवारी

सकाळी घरून निघाले. गोलाईपर्यंत सरळ. तिथून उजवीकडे, दुकान. दिवसभर शंकू. एक वर्णन झालं, ते पुसलं. संध्याकाळी कुलूप लावलं. उजवीकडे, गिरणी. जोंधळा दळून घेतला, पीठ अजून गरम. गिरणीपासून परत उजवीकडे, चढ. कोपऱ्यावर लिंबाचं झाड. पुढे थोडं. दारात रामलिंगच्या चपला.

घर.